जोड कोण ठरवतं?

जत्रांचा हंगाम आला की सदलगा, एकसंबा, बोरगाव या दूधगंगेकाठच्या पट्ट्यात चौकाचौकात कुस्ती मैदानाचे फ्लेक्स लागतात. मधोमध दोन पैलवान समोरासमोर, खाली त्यांच्या वस्तादांची आणि तालमींची नावं, दोघांच्या मध्ये लाखातला आकडा. पैलवानांपेक्षा मोठे फोटो मान्यवरांचे, ते सोडून द्या. फ्लेक्सखाली उभं राहून लोक एकाच गोष्टीवर वाद घालतात: कोण मारणार? या दोघांना एकत्र आणलं कुणी, किती बोलणी करून, आणि कुस्ती झाल्यावर त्यांच्या हातात काय पडणार, हे सहसा कुणी विचारत नाही. तीच पोरं रात्री मोबाइलवर डब्ल्यूडब्ल्यूई बघतात आणि तिथलं मात्र आपल्याला सगळं कळतं असं समजतात. दोन्हीकडच्या पडद्यामागच्या व्यवहाराबद्दल गैरसमज भरपूर आहेत. त्यातले काही इथे घेतो.

गैरसमज: टीव्हीवरची कुस्ती खोटी, मातीतली खरी

पहिला अर्धा भाग कंपनीनेच कबूल केलेला आहे. १९८९ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे त्या वेळच्या डब्ल्यूडब्ल्यूएफने सांगून टाकलं की आमचे सामने म्हणजे स्पर्धा नव्हे, करमणूक आहे. हे सत्यप्रेमातून नव्हतं. खेळ म्हटलं की राज्याच्या क्रीडा आयोगाची देखरेख आली आणि प्रक्षेपणावरचा कर आला. करमणूक म्हटलं की दोन्हीतून सुटका. धंद्याच्या हिशेबाने ही कबुली फायद्याचीच होती.

पण निकाल आधी ठरलेला असतो म्हणजे सगळंच खोटं, हे बरोबर नाही. अंग खरं आपटतं. १९९९ च्या मे महिन्यात कॅन्सस सिटीत ओवेन हार्ट हा मल्ल छतावरून दोरीने रिंगणात उतरण्याच्या खेळात खाली कोसळला आणि मेला. कार्यक्रम त्यानंतरही पुढे चालू राहिला. पडद्यामागे प्रवेशद्वाराला लागून एक जागा असते, तिला गोरिला मान्सून या जुन्या मल्लाच्या नावावरून गोरिला पोझिशन म्हणतात. तिथे बसलेली माणसं पंचाच्या कानातल्या यंत्रात सांगतात की वेळ संपत आली, आवरा. पंच ते हळूच मल्लांच्या कानावर घालतो. म्हणजे आपल्याला निकाल देणारा वाटतो तो पंच तिथे निरोप्या असतो.

आता दुसरा अर्धा भाग, आपली माती खरी. बहुतांशी खरीच. पण नुरा कुस्ती हे नाव आपल्याकडे आहे ते उगाच नाही. दोघांनी आतून संगनमत करून बरोबरीत सोडवायची, किंवा एकाने पाठ लावून घ्यायची. जाणता प्रेक्षक ती लगेच ओळखतो. मानेवर हात टाकून दोघं नुसते खेटत राहतात, डाव कुणी टाकत नाही, खडाखडीतच दहा-दहा मिनिटं जातात. मग गर्दीतून शिट्ट्या सुरू होतात आणि पंच कर्ण्यावरून इनाम कापण्याची धमकी देतात.

नुरा होते ती केवळ पैशाच्या लोभाने, हा त्यातलाच पोटगैरसमज. पैलवानाच्या बाजूने पाहिलं तर हिशेब वेगळा आहे. आज एक नंबरला लढणारा मल्ल चितपट झाला की पुढच्या मैदानात तो दोन-तीन नंबरला घसरतो आणि त्याची बिदागीही घसरते. जिंकून जेवढं मिळणार त्यापेक्षा हरून जाणारं जास्त. अशा वेळी बरोबरी दोघांच्याही सोयीची ठरते. म्हणूनच अलीकडे बऱ्याच मैदानांत वेळ बांधून देतात आणि निकाली न झालेली कुस्ती गुणांवर सोडवतात. उपाय चांगला आहे, पण तो आखाड्यातला. दुखणं आखाड्याबाहेर, जोड ठरते तिथे सुरू होतं.

गैरसमज: एक नंबरची कुस्ती म्हणजे सगळ्यांत तगड्या दोघांची

या लेखात सांगण्यासारखं मुख्य आहे ते इथेच. मैदानाची जोड ठरवणं हे सोयरीक जुळवण्याइतकं नाजूक काम आहे. कमिटीची माणसं आधी कोल्हापूर, सांगली, बेळगावच्या तालमी फिरतात, वस्तादांना भेटतात. मध्ये एखादा जुना पैलवान किंवा नावाजलेला निवेदक असतो, ज्याचा शब्द दोन्हीकडे चालतो. मग एकेक अडचण पुढे येते. एकाच तालमीचे दोन पठ्ठे सहसा एकमेकांशी लढवत नाहीत. एका वस्तादाचं दुसऱ्याशी मागच्या हंगामातलं काही राहिलेलं असतं. अमक्याची तारीख दुसऱ्या गावाने आधीच धरलेली असते, कारण दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत जत्रा एकावर एक येतात आणि नावाचे मल्ल मोजकेच. तमक्याचं वजन दहा किलोने जास्त. आणि शेवटी वर्गणी किती जमली, हा प्रश्न असतोच.

या सगळ्यातून जी जोड उरते ती एक नंबरची. ती सर्वांत बलवान दोघांची असेलच असं नाही. ती गर्दी खेचणारी आणि कमिटीच्या खिशाला झेपणारी असते. पंजाब, हरियाणा, दिल्लीचा मल्ल, अलीकडे तर इराणचाही, फ्लेक्सवर आला की गर्दी वाढते. पण बाहेरून आणलेला मल्ल खरोखर तोडीचा आहे की आपल्या लाडक्या पैलवानाला दोन मिनिटांत आस्मान दाखवता यावं म्हणून आणलाय, हे फ्लेक्सवर लिहिलेलं नसतं. अशी कुस्ती नुरा नसते. दोघंही मनापासून लढतात. तरी तिचा निकाल जोड जुळवली त्या दिवशीच जवळजवळ लागलेला असतो. डब्ल्यूडब्ल्यूईमध्ये निकाल लिहिणारा लेखक असतो. आपल्याकडे जोड जुळवणारा असतो, आणि त्याच्या हातात त्या लेखकाच्या निम्मी तरी सत्ता असते. काटा जोड लावणारी कमिटी आणि नावं विकणारी कमिटी यांतला फरक प्रेक्षकाने ओळखायला हवा, असं माझं मत आहे. हलगीच्या ठेक्यात तो विसरला जातो.

गैरसमज: वस्ताद म्हणजे डाव शिकवणारा

डाव शिकवणं हे त्याचं अर्धंच काम. कुठली कुस्ती घ्यायची आणि कुठली नाकारायची, हे ठरवणं उरलेलं अर्धं. पोराला लवकर मोठ्या जोडीत घातलं तर तो खचतो, फार काळ हलक्या कुस्त्यांत ठेवलं तर तो तिथेच सुस्तावतो. रेवड्यांवरच्या कुस्त्यांपासून मोठ्या मैदानापर्यंतची ही चढण वस्ताद आखतो. शहरी भाषेत यालाच टॅलेंट मॅनेजमेंट म्हणतात आणि त्याची फी घेतात.

या पट्ट्यातलं सर्वांत मोठं उदाहरण सदलग्याच्या शेजारचंच आहे. श्रीपती खंचनाळे मूळचे एकसंब्याचे. पैलवान म्हणून ते घडले कोल्हापूरच्या शाहूपुरी तालमीत. १९५९ साली दिल्लीत पंजाबच्या बंतासिंगाला हरवून ते पहिले हिंदकेसरी झाले. त्याच्या तीनच वर्षं आधी, १ नोव्हेंबर १९५६ ला, बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून मैसूर राज्यात गेला होता. राज्याची हद्द बदलली, तालमीची वाट बदलली नाही. आजही सीमाभागातला होतकरू पोरगा बेळगावच्या आनंदवाडी आखाड्यात कुस्त्या बघून मोठा होतो आणि पुढे कोल्हापूरच्या गंगावेश, मोतीबाग किंवा शाहूपुरी तालमीत जागा मिळते का ते बघतो. खंचनाळे २०२० च्या डिसेंबरमध्ये कोल्हापुरातच गेले.

गैरसमज: फ्लेक्सवरचा आकडा पैलवानाच्या खिशात जातो

फ्लेक्सवरचा आकडा ही बऱ्याचदा जाहिरात असते. खरी बोलणी दोघांशी वेगवेगळी झालेली असतात: जिंकलास तर इतके, हरलास तर इतके, बरोबरीत सुटली तर इतके. हरणारा रिकाम्या हाताने जातो हाही त्यामुळे गैरसमजच. तोही ठरलेली बिदागी घेऊन जातो. आलेल्या पैशातून दूध, तूप, बदाम, मटण, अंडी, गाडीभाडं आणि सोबत आलेल्या पोरांचं जेवण वजा करा. दुखापतीचा खर्च वेगळा. हंगाम संपल्यावर पावसाळ्यात मैदानं बंद, पण खुराक बंद करता येत नाही.

हा खुराकच कुस्तीच्या अर्थकारणाचं मूळ आहे. तो पैलवान स्वतःच्या कमाईवर कधीच भागवू शकलेला नाही, पूर्वीही नाही आणि आताही नाही. शाहू महाराजांनी मल्ल पोसले, तालमी उभ्या केल्या आणि १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमचं कलोसियम पाहून आल्यावर खासबाग मैदान बांधायला घेतलं. १९१२ साली ते खुलं झालं तेव्हा पहिली कुस्ती इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची झाली. खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताच्या वैयक्तिक ऑलिंपिक पदकांची ती सुरुवात एका गहाणखतावर झाली होती.

राजे गेल्यावर त्यांची जागा साखर कारखान्यांनी घेतली. कागलचा छत्रपती शाहू कारखाना आपल्या भागातल्या मल्लांसाठी स्पर्धा भरवतो, मानधन देतो. वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांच्या पुण्यतिथीला, १३ डिसेंबरला, मोठं मैदान भरतं. राजाश्रय संपला म्हणून कुस्ती संपली, असं जे म्हणतात ते या हिशेबाकडे बघत नाहीत. आश्रय संपला नाही, आश्रयदाता बदलला. निवडणूक जवळ आली की इनामाचे आकडे का वाढतात, हे वेगळं सांगायला नको.

गैरसमज: अमेरिकेतले मल्ल कंपनीचे पगारी नोकर, त्यांची चैन

करार मोठे असतात हे खरं, पण ते नोकरीचे नसतात. डब्ल्यूडब्ल्यूईचे मल्ल कागदोपत्री स्वतंत्र कंत्राटदार. नोकराला मिळणारं संरक्षण त्यामुळे त्यांना मिळत नाही, आणि तरी दुसरीकडे लढायची मोकळीक नसते. कंपनीने दिलेलं नाव आणि सोंग कंपनीच्या मालकीचं राहतं. पंजाब पोलिसातला दलीपसिंग राणा तिथे खली झाला आणि २००७ मध्ये त्यांचा जागतिक पट्टाही जिंकला, म्हणजे त्याला जिंकवायचं ठरलं. भारतातला बाजार डोळ्यांसमोर होता हे उघड आहे. २०२३ मध्ये ही कंपनी यूएफसीशी जोडली गेली आणि टीकेओ नावाच्या समूहात गेली. २०२५ पासून तिचा मुख्य साप्ताहिक कार्यक्रम नेटफ्लिक्सवर आहे. तो करार १० वर्षांसाठी ५ अब्ज डॉलरचा असल्याचं जाहीर झालं होतं.

आपल्या पैलवानाकडे तर लेखी करारच नसतो. शब्दावर कुस्ती ठरते आणि बहुतेक वेळा शब्द पाळलाही जातो, ही या व्यवहाराची शान आहे. पण मैदान पावसाने मोडलं किंवा वर्गणी कमी पडली, तर दाद कुठे मागायची याचं उत्तर कुणाकडे नाही.

गैरसमज: किताब जिंकला की किताब पैलवानाचा

डब्ल्यूडब्ल्यूईचा पट्टा कंपनीचा असतो, हे सगळ्यांना कळतं. महाराष्ट्र केसरी कुणाचा? १९६१ पासून चालत आलेल्या या किताबावर संघटनांच्या भांडणात दोन दावेदार निर्माण झाले आणि २०२३ च्या नोव्हेंबरात तो दोन ठिकाणी दिला गेला: पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेखला आणि धाराशिवला शिवराज राक्षेला. दोघांनीही घाम खराच गाळला. गदा मात्र संघटनांच्या भांडणात अडकली. पुढे २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या स्पर्धेत पंचाच्या निर्णयावरून राक्षेने पंचाला लाथ मारली आणि त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. लाथ मारणं चूकच. पण पंचांच्या निर्णयावर दाद मागायची विश्वासार्ह सोय असती, तर गोष्टी इतक्या थराला गेल्या असत्या का, हेही विचारायला हवं.

गैरसमज: कुस्तीत जिवाला धोका नाही, माती मऊ असते

ताक, तेल, हळद घालून माती मऊ करतात, पण मान मोडायला तेवढी मऊ माती पुरे असते. २०१८ मध्ये पन्हाळा तालुक्यातल्या एका मैदानात मानेला मार बसून एक तरुण मल्ल गेला. लाखाचं इनाम, मान्यवरांचे फेटे, हलगीवाले, मंडप या सगळ्याची तरतूद आपण करतो. पुढच्या जत्रेत वर्गणीची पावती फाडून घेताना कमिटीला दोन गोष्टी विचारा: पैलवानांचा विमा उतरवला आहे का, आणि आखाड्याशेजारी डॉक्टर आणि रुग्णवाहिका उभी असणार का. उत्तर नाही असेल तर मानाच्या एका फेट्याचे पैसे तिकडे वळवायला सांगा.