बर्फावरची पहिली स्वारी

दिवाळीचा फराळ संपत आला की आपल्याकडे घराघरांत एकच चर्चा सुरू होते: डिसेंबरच्या सुट्टीत कुठे? आणि हल्ली मुलांचे उत्तर ठरलेले असते. बर्फ. जुराँगच्या स्नो सिटीत रबरी चकतीवरून घसरून आलेल्या मुलांना आता खरा डोंगर हवा असतो, आणि त्या डोंगरावर स्नोमोबाइल. यूट्यूबवर त्यांनी ती पाहिलेली असते. शोधायला बसलात की तासाभरात विमान, हॉटेल आणि सहल तिन्ही ठरूनही जातात. माझे म्हणणे एवढेच की, पैसे भरण्याआधी काही गोष्टी जेवणाच्या टेबलावर एकदा नीट बोलून घ्या. विशेषतः आजी-आजोबा बरोबर येणार असतील तर.

पहिला प्रश्न महिन्याचा. सिंगापूरहून जाणारी बहुतेक मराठी कुटुंबे होक्काइडो निवडतात, आणि ते योग्यच आहे. सैबेरियातून येणारा कोरडा, गार वारा जपानच्या समुद्रावरून जाताना बाष्प उचलतो आणि होक्काइडोच्या डोंगरांना धडकून ते बर्फाच्या रूपाने टाकतो. आपल्या सह्याद्रीवर पाऊस पडतो त्याच न्यायाने. सापोरो शहरात वर्षाला सुमारे पाच मीटर बर्फ पडतो. पण तो सगळा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आलेला नसतो. त्या वेळी थर अजून साचत असतो, आणि स्नोमोबाइलला दगड-झुडपे पुरती झाकलेला, दाबून बसवलेला मार्ग लागतो. शिवाय डिसेंबरात सापोरोला चारच्या सुमारास सूर्य मावळतो. वर्षभर सातला अंधार पडायची सवय असलेल्या आपल्या मुलांना हे कळेपर्यंत दिवस संपलेला असतो.

जानेवारी-फेब्रुवारीत बर्फ उत्तम, पण शाळा सुरू. चिनी नववर्षाच्या सुट्टीला जोडून जाता येते. मात्र तेव्हा अर्धे सिंगापूर तिकडेच निघालेले असते, आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला सापोरोचा हिमोत्सवही असतो. म्हणून माझे मत मार्चच्या आठवडाभराच्या सुट्टीला. मार्चच्या मध्यात डोंगरावर भरपूर बर्फ शिल्लक असतो, थंडी सोसण्यासारखी असते आणि दिवस जवळजवळ आपल्याइतका मोठा झालेला असतो. डिसेंबरच हवा असेल तर निदान नाताळच्या आसपासच्या तारखा घ्या, आणि बर्फ कमी असल्यास पैसे परत मिळतात का हे आधी विचारून ठेवा.

काही जण म्हणतील, एवढे जपान कशाला, पुण्याला जातोच आहोत तर गुलमर्ग आहे की. आहेच. चुलत-मावस भावंडांबरोबर जाण्यात जी मजा आहे ती निसेकोत मिळणार नाही. तिथे या वाहनाला स्नो स्कूटर म्हणतात आणि बहुतेक वेळा चालक तुमच्याबरोबर बसतो. मात्र दोन गोष्टी ध्यानात घ्या. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे २८ टक्क्यांनी कमी असतो. गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्याने अफरवाटकडे गेलात तर जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी. बुकित तिमाहची १६४ मीटरची टेकडी चढून झालेला सराव इथे कामाचा नाही. पहिला दिवस श्रीनगरात शांतपणे घालवा. दुसरी गोष्ट, बर्फाचा भरवसा उरलेला नाही. २०२४ च्या जानेवारीत, ऐन चिल्ला-ए-कलानमध्ये, गुलमर्गची कुरणे तपकिरी पडलेली जगाने पाहिली. २०२५ मध्ये तिथले खेलो इंडियाचे हिवाळी सामने बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावे लागले. मनालीच्या बाजूचे नियमही बदलत असतात. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने रोहतांग परिसरात स्नो स्कूटरसकट अशा व्यवसायांवर बंदी घातली होती. आणि २०२५ च्या एप्रिलमधले पहलगाम आपण कोणीच विसरलेलो नाही. काश्मीरला जायचे तर परराष्ट्र मंत्रालयाची प्रवास-सूचना त्या आठवड्यात वाचा. तुमचा विमा तिच्यावर अवलंबून असू शकतो.

कागदपत्रांचा विषय थोडक्यात संपवतो. आपल्या एकाच घरात लाल आणि निळे असे दोन्ही पासपोर्ट असतात. लाल पासपोर्टवाल्याला जपानला छोट्या मुक्कामासाठी व्हिसा लागत नाही. निळ्याला लागतो, तो इथला पीआर असला तरी. भारतात जाताना हेच उलटे होते. आधी व्हिसा, मग परत न मिळणारी तिकिटे.

आता यंत्राकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे आणि खरा धोकाही. पुढे दोन स्की, मागे रणगाड्यासारखा फिरणारा रबरी पट्टा, मध्ये इंजिन. वजन दोन-अडीचशे किलो सहज. गिअर बदलायचे नसतात, तोलही सांभाळावा लागत नाही. उभी असताना ती पडत नाही. म्हणून नवख्याला वाटते, ही तर स्कूटरपेक्षा सोपी. आपल्यापैकी ज्यांची जवानी पुण्या-नाशकात स्कूटरवर गेली त्यांनी इथेच जरा थांबावे. स्कूटरचे तुमच्या अंगात मुरलेले तीन-चार धडे इथे विसरायचे आहेत.

स्कूटरला मनगट पिळून वेग देतात. इथे उजव्या अंगठ्याने एक छोटी दांडी दाबतात. फरक किरकोळ वाटतो, पण माणूस घाबरला की हँडल घट्ट आवळतो, आणि आवळताना अंगठाही दाबला जातो. थांबायच्या ऐवजी गाडी उसळी घेते. नवख्यांच्या अपघातांचे हे नेहमीचे कारण. उपाय एकच: घाबरलात की अंगठा उचला. अंगठा सुटला की पट्ट्याचा वेग आपोआप उतरतो. ब्रेक डाव्या हातात असतो, पायात काहीही नसते. निघण्यापूर्वी मुलांकडून हे चार वेळा करून घ्या: अंगठा वर, डावा हात आत.

दुसरे म्हणजे पाय. स्कूटर कलंडायला लागली की आपण पाय खाली टेकवतो. स्नोमोबाइलवरून पाय बाहेर काढलात तर तो बर्फात रुततो आणि अडीचशे किलोचे धूड पुढे जात राहते. गुडघा आणि घोटा अशाच वेळी जातात. पाय पायफळीवर, काहीही झाले तरी. वळताना वळणाच्या आतल्या बाजूला अंग झुकवायचे. आडव्या उतारावर डोंगराच्या बाजूला झुकायचे. मन मात्र दरीकडे पाहत असते आणि शरीर मनामागे जाते.

आणि ती गुंडाळीची दोरी. तिचे एक टोक यंत्राला, दुसरे तुमच्या जाकिटाला अडकवतात. तुम्ही पडलात की इंजिन बंद. वाटाड्या ती लावायला विसरला तर तुम्ही आठवण करा. लाजू नका.

हे यंत्र मुळात मौजेसाठी जन्मलेले नाही, हे मुलांना जरूर सांगा. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात व्हॅलकूर नावाचे खेडे आहे. तिथला जोसेफ-आर्मांड बोंबार्डिए हा यंत्रवेडा तरुण; पंधराव्या वर्षी, १९२२ मध्ये, त्याने पंख्यावर चालणारी एक घसरगाडी बनवली होती. १९३४ च्या हिवाळ्यात त्याच्या दोन वर्षांच्या मुलाचे आंत्रपुच्छ सुजले. रस्ते बर्फाने बंद, दवाखान्यापर्यंत पोहोचायला वाहन नाही. मूल गेले. बापाने १९३७ मध्ये बर्फावरून चालणाऱ्या पट्ट्याच्या रचनेचे पेटंट मिळवले, आणि त्याच्या पहिल्या गाड्या डॉक्टर, टपाल आणि शाळकरी मुले वाहून नेऊ लागल्या. एकदोघांनी चालवायची हलकी स्की-डू आली ती १९५९ मध्ये. मेळघाटात, गडचिरोलीत पावसाळ्यात बाळंतिणीला खाटेवर घालून नदीपार नेल्याच्या बातम्या आपण अजून वाचतो. त्यामुळे ही गोष्ट आपल्याला फार परकी वाटू नये.

आता तो नाजूक विषय: कोण चालवणार, कोण मागे बसणार आणि कोण बसणारच नाही. सत्तरी ओलांडलेला माणूस म्हणून मी हे बोलू शकतो. मागची सीट पट्ट्याच्या वर असते, आणि मार्गातला प्रत्येक उंचवटा थेट मणक्यात पोहोचतो. चालकाला खड्डा दिसतो, तो किंचित उठतो. मागच्याला तो बसल्यावरच कळतो. हाडे ठिसूळ झालेल्या आजींसाठी ‘तुम्ही नुसत्या मागे बसा’ हा सल्ला प्रेमाचा असला तरी चुकीचा आहे. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. हृदयाचे काम चालू असलेल्यांनी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारावा. ‘जपानला जाऊ का’ असे विचारलेत तर ‘जा’ असेच उत्तर येईल. विचारायचे आहे ते ‘उणे दहा अंशांत तासभर दणके खात बसू का’ हे.

हा निर्णय इथेच, सिंगापूरला घ्या. तिकडे रांगेत उभे राहून, नातवंडे हात ओढत असताना, आजोबा ‘नको’ म्हणत नाहीत. आपली ती पिढीच तशी. खर्च झालेल्या पैशाला जागायचे म्हणून चढून बसतील. त्यांच्यासाठी आधीच दुसरा बेत ठेवा, आणि तो राखीव बाकासारखा नसावा. ओन्सेनमध्ये गरम पाण्यात बसून बाहेर पडणारा बर्फ पाहणे हे कमी सुख नाही. काही ठिकाणी स्नोमोबाइलमागे रबरी तराफा किंवा घसरगाडी जोडून लहानांना फिरवतात. तो खेळही दणक्यांचाच असतो, तेव्हा आजींना त्यात ढकलू नका.

आणि मुलांनो, तुमच्याशीही एक बोलायचे आहे. चालवायचे किमान वय प्रत्येक ठिकाणी वेगळे असते आणि अनेक आयोजक मोटारीचा परवाना मागतात. अठरा पुरी झाली असतील तर परवाना बरोबर ठेवा. नसतील तर मागे बसा आणि बाबांच्या चालवण्यावर टीका परत आल्यावर करा. रांग सोडून शेजारच्या कोऱ्या उतारावर गाडी घालायचा मोह होईल. हिमस्खलन बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होते, आणि अनेकदा ज्याच्यावर ते कोसळते त्याच्याच वजनाने सुटते. गाडलेल्या माणसाला वाचवायला मिनिटे असतात, तास नव्हे. अफरवाटच्या उतारांवर २०२३ च्या फेब्रुवारीत दोन परदेशी स्कीपटू असेच गेले, आणि ते नवखे नव्हते.

कपड्यांबद्दल आपल्या लोकांचा एक हट्ट असतो: आत सुती बनियन. तो सोडा. सुती कापड घाम धरून ठेवते, आणि यंत्र पळू लागले की तोच घाम गोठवतो. हवेत उणे १० अंश असताना ताशी ३० किलोमीटर वेगाने गेलात, तर उघड्या कातडीला ते सुमारे उणे २० वाटते. आत कृत्रिम धाग्याचा किंवा लोकरीचा घट्ट थर, वर फ्लीस. सर्वांत वरचा सूट, हेल्मेट आणि बूट आयोजकच देतात. ते मिळतात का हे विचारा आणि मगच खरेदीला निघा. नाहीतर आपल्या ग्रुपवर विचारा, प्रत्येक घरात एकदाच वापरलेली तीन जाकिटे कपाटात पडून असतात. मफलर आणि ओढणीची टोके आत खोचलेलीच हवीत, फिरत्या पट्ट्याला ती आवडतात. काकांच्या माकडटोपीवर हसू नका; हेल्मेटखाली तिच्यासारखे दुसरे काही नाही. सूट चढवण्यापूर्वी स्वच्छतागृहात जाऊन या. खिशात चिक्की ठेवू नका, थंडीत ती दगड होते आणि आमच्या पिढीचे दात आता स्वतःचे राहिलेले नाहीत. राजगिऱ्याचा लाडू चालेल.

शेवटी विमा. ‘साहसी खेळ समाविष्ट’ एवढ्यावर थांबू नका. पुष्कळ पॉलिसींत स्की चालते, पण इंजिन असलेल्या वाहनाला वेगळे कलम असते. स्नोमोबाइल हा शब्द शोधा. सापडला नाही तर कंपनीला ईमेल लिहा आणि उत्तर जपून ठेवा. डोंगरावरून खाली आणण्याचा खर्च धरला आहे का, तेही पाहा. पुण्याहून आलेल्या आई-बाबांची गोष्ट निराळी. इथल्या पॉलिसी सहसा इथे राहणाऱ्यांसाठीच असतात. त्यांचा प्रवास विमा भारतातून निघण्यापूर्वीच घ्यावा लागतो, त्यात जपानचे नाव घालून आणि जुनी दुखणी न लपवता. वाहनाच्या नुकसानीचे कलम आयोजकाच्या कागदावर असते, बहुधा जपानीत. भाषांतर मागा. यंत्र झाडावर घातले तर किती भरायचे, याचा आकडा सही करण्यापूर्वी कळला पाहिजे.

आणि बुकिंग करताना आणखी दोन प्रश्न विचारून ठेवा: एका वाटाड्यामागे किती गाड्या असतात, आणि अर्ध्या वाटेवर चालक बदलता येतो का. आई-बाबा दोघांनाही चालवायची असते, आणि हे नंतर आठवले तर जेवणापर्यंत अबोला चालतो.