घाटरस्ता आणि वेगवान मोटारीचे टायर

शेंद्रा येथील कारखान्यात २००१ साली स्कोडा कंपनीच्या ऑक्टाव्हिया मोटारीची जुळणी सुरू झाली. याच गाडीची 'आरएस' ही अधिक वेगवान आवृत्तीही पुढे भारतीय रस्त्यांवर आली. अशा मोटारीच्या टायरांची खरी कसोटी दौलताबादहून खुलताबादकडे चढणाऱ्या घाटात लागते. उन्हाळ्यात येथे पारा ४० अंशांपलीकडे जातो. श्रावणात तीच वळणे ओली असतात, आणि शनिवारी भद्रा मारुतीच्या दर्शनास पायी निघालेल्या भाविकांची कडेने रीघ लागते. गाडी किती वेगाने धावते यापेक्षा ती किती अंतरात थांबते, हाच तेथे महत्त्वाचा प्रश्न होय.

टायरवरील '२२५/४५ आर १७ ९१ डब्ल्यू' या खुणेत २२५ मिलिमीटर रुंदी, तिच्या ४५ टक्के म्हणजे सुमारे १०१ मिलिमीटर उंचीची साइडवॉल, रेडियल रचना व १७ इंची चाक एवढे सांगितलेले असते. '९१' म्हणजे प्रत्येक टायरवर ६१५ किलोग्रॅम भार, आणि 'डब्ल्यू' म्हणजे ताशी २७० किलोमीटर ही कमाल मर्यादा. याऐवजी २२५/४० आर १८ घेतल्यास बाह्य व्यास केवळ ३ मिलिमीटरने वाढतो. वेगदर्शकात म्हणण्यासारखा फरक पडत नाही. परंतु साइडवॉल ९० मिलिमीटरवर येते. खड्ड्यात चाक आदळताच रबर रिम व खड्ड्याची कड यांत चिरडले जाते, आतील दोरे तुटतात आणि टायरला फुगा येतो. केवळ देखणेपणासाठी केलेली ही अदलाबदल म्हणूनच महाग पडते.

रबराची पकड दोन कारणांनी निर्माण होते : पृष्ठभागाशी आसंजन, आणि खडीच्या उंचसखलपणावर दबताना रबरात होणारा ऊर्जाव्यय. ओल्या रस्त्यावर पहिले कारण क्षीण होते व दुसऱ्यावरच भिस्त राहते. सिलिकायुक्त मिश्रणाचे मोल येथे कळते. ते ओली पकड राखूनही साध्या धावेतील विरोध कमी ठेवते. परदेशी पुस्तकांतील हिवाळी टायरांची चर्चा मराठवाड्यात गैरलागू आहे.

निगेत सर्वाधिक चूक हवेच्या दाबाची होते. तापमान १० अंशांनी बदलले की दाब सुमारे दीड पौंडाने बदलतो. घाट चढून तापलेल्या टायरात ३६ पौंड दिसले म्हणून पंपावर ते ३२ वर आणले, तर सकाळी थंड टायरात २८ पौंडच उरतात. पाण्याच्या थरावर टायर तरंगू लागण्याचा वेग दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, असे १९६० च्या दशकात नासाच्या विमान-टायरांवरील प्रयोगांतून दिसून आले. त्या सूत्राने ३२ पौंडांस ताशी सुमारे ९४ किलोमीटर, तर २८ पौंडांस ८८ किलोमीटर येतात. रुंद व झिजलेल्या मोटार-टायरांत हा वेग याहूनही कमी असू शकतो. वळणांवर कोणी इतक्या वेगाने जात नाही. धोका आहे तो घाटापूर्वीच्या सरळ, पाणी साचलेल्या पट्ट्यात. दाब नेहमी गाडी निघण्यापूर्वीच मोजावा.

खाचांतील झीजदर्शक उंचवटे १.६ मिलिमीटर खोली उरल्याचे दाखवितात. पावसाळ्यासाठी मात्र ३ मिलिमीटरला टायर बदलणे इष्ट. पुढची चाके ओढणाऱ्या या गाडीत पुढचे टायर लवकर झिजतात. तरी दोनच नवे घ्यायचे झाल्यास ते मागे बसवावेत, कारण ओल्या वळणावर मागचा भाग सरकला तर गाडी सावरणे कठीण जाते. पंक्चरवाल्यांच्या दुकानांत बहुधा याच्या उलट सल्ला मिळतो.