भरलेले पिंप आणि कोरडा दिवस

पिंप्राळा हे एके काळचे खेडे. आज ते जळगाव शहराचा भाग आहे. तिथल्या हुडकोसारख्या कष्टकऱ्यांच्या वस्त्यांसाठी २०१३ साली राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियान आले. २०० ते ५०० घरांमागे एक आशा सेविका, ५० ते १०० घरांमागे एक महिला आरोग्य समिती आणि समितीला वर्षाकाठी ५,००० रुपये, अशी ही योजना.

आशा दारोदार सांगते : आठवड्यातून एक दिवस भांडी रिकामी करा, घासा, कोरडी ठेवा. सल्ला खरा आहे. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्याच्या भांड्यात अंडी घालतो. अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात.

पण जिथे नळाला रोज पाणी नाही, तिथे भरलेले पिंप ओतायचे कुणी? न ओतणाऱ्या बाईला अडाणी म्हणणे सोपे आहे. अस्वच्छतेचा शिक्का आपल्या माथी पिढ्यान्‌पिढ्या मारला गेला, आणि पाणी मात्र नाकारले गेले. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी हाच प्रश्न उभा केला होता.

म्हणून समितीने पिंपाला घट्ट फडके बांधायला जरूर शिकवावे. पण तेवढ्यावर थांबू नये. पाणी किती दिवसांनी आले, गटार कुठे तुंबले, ताप कोणत्या गल्लीत आला, हे वहीत मांडावे आणि ती वही घेऊन महापालिकेत जावे. पाणी रोज आले, तर पिंप कोरडे ठेवायला बायांना कुणी सांगावे लागणार नाही.