मेट्रो निओ: नाव मेट्रोचं, चाकं रबराची

ज्यांना ऐकायला जमलं नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. पिंप्राळ्यातून नाशिकला नोकरीला गेलेले मित्र फोनवर एकच विचारतात, "भो, नाशिकची मेट्रो कधी?" मी म्हणतो, आधी ती मेट्रो आहे का ते बघू.

१ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकसाठी २,०९२ कोटींचा आकडा आला. योजना महामेट्रोची, साधारण ३३ किलोमीटरची, मुख्य मार्ग गंगापूर ते नाशिकरोड. भागाकार करा: किलोमीटरला ६३ कोटी. नेहमीच्या उन्नत मेट्रोला याच्या तिप्पट तरी लागतात.

एवढं स्वस्त कसं? कारण यात रूळच नाहीत. निओ म्हणजे वरच्या तारेतून वीज घेणारी, रबरी टायरची लांबलचक जोडबस; फक्त तिचा मार्ग वेगळा. गाडी हलकी, म्हणून खांबही हलके, स्टेशनंही छोटी. खरी लाइट रेल म्हणजे मेट्रोलाइट, तिला पोलादी रूळ असतात.

फरक कळायला आपला आषाढीचा रथ आठवा. रथ वळवायला चाकाखाली मोगरी लावावी लागते, सगळा भार त्या माणसाच्या हातावर. रुळावर हे काम चाकाचा निमुळता आकार आणि त्याची कड करते. निओत पुन्हा स्टिअरिंग, म्हणजे ड्रायव्हरच.

आता थोडं गणित, इंजिनिअर आहे म्हणून सहन करा. एका गाडीत २५० माणसं, दर दोन मिनिटांनी गाडी: तासाला एका दिशेने ७,५००. केंद्राच्या निकषात निओ ८,००० पर्यंत, मेट्रोलाइट १५,००० पर्यंत. म्हणजे निओ पहिल्याच दिवशी कडेला पोहोचलेली! गर्दी वाढली तर रेल्वेसारखा डबा जोडता येत नाही. माझ्या मते खरी अडचण इथेच आहे, पैशात नाही.

गंमत म्हणजे नाशिकला १८८९ पासून घोड्यांची ट्राम होती, मेनरोडवरून थेट नाशिकरोड स्टेशनपर्यंत. १९३० नंतर काही वर्षांतच ती बंद पडली. स्टेशन मात्र अजून गावापासून तेवढंच लांब आहे, आणि २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे.

पुढचा भाग जळगावचा. पिंप्राळ्याहून स्टेशनकडे सकाळी तासाभरात किती रिक्षा जातात, एकदा उभं राहून मोजा आणि आकडा व्हॉट्सॲपवर टाका.