घट्ट कुरळे केस आणि त्यांचीं प्रसाधनें

अमेरिकेंतील कोणत्याहि मोठ्या शहरांत केशप्रसाधनांच्या दुकानांत पाऊल टाकलें, कीं भिंतभर मांडलेल्या बाटल्या आणि डबे पाहून माणूस गोंधळून जातो. कशांत एरंडेल, कशांत मध, तर कशांत आफ्रिकेंतील शीआ वृक्षाच्या बियांचें लोणी. हीं द्रव्यें मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या, मळसूत्रासारखे बारीक आंटे घेणाऱ्या केसांसाठीं केलेलीं असतात. एकीच्या डोक्याला मानवलेली बाटली दुसरी विकत आणते. तिला ती मानवत नाहीं. आणि दोष मात्र बिचाऱ्या केसांना दिला जातो. ‘हट्टी केस’, ‘आवरतां न येणारे केस’ अशीं विशेषणें लहान मुलींना आरशापुढें बसवून ऐकविलीं जातात, आणि ज्या वयांत मनावर उमटलेला ठसा सहसा पुसला जात नाहीं, त्याच वयांत आपलें रूप सदोष आहे अशी त्यांची समजूत होऊन बसते. वस्तुतः चुकलेली असते ती निवड.

हा प्रश्न केवळ परदेशचा आहे असेंहि नाहीं. कोंकणांतील जंजिरा संस्थानावर १९४८ पर्यंत राज्य करणारें सिद्दी घराणें मूळचें आफ्रिकेंतलें. कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यांत आणि गुजराथेंत गीरच्या परिसरांत सिद्दी समाज आजहि नांदत आहे. शिवाय घट्ट कुरळ्या केसांचीं मुलें मराठी घरांतूनहि जन्मास येतातच. तेव्हां असा केस बनतो कसा, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे.

केसाचा आकार त्वचेखालीं, त्याच्या मुळाच्या पिशवींत ठरतो. सरळ केसाची पिशवी सरळ असते आणि त्याचा आडवा छेद बहुतेक वाटोळा असतो. घट्ट कुरळ्या केसाची पिशवी वांकलेली व छेद चपटा, लंबवर्तुळाकृति असतो. केसाचें द्रव्य म्हणजे केराटिन नांवाचें प्रथिन. त्याचे तंतु दोन प्रकारच्या बंधांनीं एकमेकांस जखडलेले असतात. एक बंध गंधकाचा. तो बळकट असून साध्या पाण्यानें सुटत नाहीं. दुसरा हायड्रोजनचा, तो दुबळा असतो. केस भिजला कीं हा दुबळा बंध सुटतो, आणि वाळतांना केस ज्या आकारांत असेल त्याच आकारांत पुन्हां जुळतो. सोयीसाठीं त्याला पाण्याचा बंध म्हणूं. या दोन बंधांतील भेद ध्यानांत ठेवला, म्हणजे प्रसाधनांच्या निवडीचें निम्मेंअधिक काम झालें.

या घडणीचे परिणाम उघड आहेत. टाळूंतून पाझरणारें नैसर्गिक तेल सरळ केसावरून सहज खालीं उतरतें. आंट्याआंट्यांच्या वाटेनें तें टोंकापर्यंत पोंचत नाहीं. म्हणून टाळू तेलकट असली तरी केस कोरडे राहतात. प्रत्येक वळण ही केसाची नाजूक जागा असते. फणीचा हिसका बसला कीं केस तेथेंच तुटतो. आंटे एकमेकांत अडकून गुंता होतो, आणि वाळल्यावर केस आंखडून आपल्या खऱ्या लांबीच्या निम्म्याहूनहि आंखूड दिसतात. ‘हिचे केस वाढतच नाहींत’ अशी तक्रार पुष्कळदां ऐकूं येते. तिच्या मुळाशीं बहुधा हें आंखडणें आणि तुटणें असतें, वाढीचा अभाव नसतो.

या केसांसाठीं अमेरिकेंत जो व्यापार उभा राहिला, त्याचा पाया दोन कृष्णवर्णीय स्त्रियांनीं घातला. एक अ‍ॅनी टर्नबो मलोन. दुसरी सारा ब्रीडलव्ह. ही सारा १८६७ सालीं लुइझियानांत, गुलामगिरींतून नुकत्याच मुक्त झालेल्या आईबापांच्या पोटीं जन्मली. तिनें अनेक वर्षें लोकांचे कपडे धुण्याचें काम केलें. तिचे स्वतःचेच केस गळूं लागले होते. त्या काळीं नळाचें पाणी घरोघरीं नसे. डोकें क्वचित् धुतलें जाई व टाळूचे विकार बळावत. सारानें कांहीं काळ मलोनबाईंचा माल विकला आणि १९०६ पासून ‘मॅडम सी. जे. वॉकर’ या नांवानें स्वतःचा धंदा वाढविला. १९१० सालीं तिनें इंडियानापोलिस येथें ठाणें केलें. तिच्या मलमांत गंधक व पेट्रोलियमचें मेण असे, आणि टाळू वारंवार स्वच्छ धुण्यावर तिचा भर असे. आधीं आरोग्य, मग शोभा, हा तिचा क्रम आजहि धरण्यासारखा आहे.

त्याच सुमारास केस सरळ करण्याचीं द्रव्येंहि बाजारांत आलीं. वाहतुकीच्या सिग्नलच्या एका रचनेचें पेटंट १९२३ सालीं मिळविणारा गॅरेट मॉर्गन यानें आधीं, १९१३ च्या सुमारास, असेंच एक द्रव्य विकावयास काढलें होतें. पुढें कॉस्टिक सोड्याचे लेप रूढ झाले. हे लेप पाण्याच्या बंधाशीं खेळत नाहींत. ते गंधकाचा बंध कायमचा तोडतात. सरळ झालेला केस पुन्हां कुरळा होत नाहीं. पण मुळांतून नवा येणारा केस कुरळाच असल्यानें लेप पुन्हां पुन्हां लावावा लागतो. त्यानें टाळू भाजते व केस दुबळा होतो. ‘कॉस्टिक सोडा नाहीं’ असें छापलेल्या डब्यांतहि बहुधा दुसरी तीव्र अल्कली असते.

केस सरळ करणाऱ्या द्रव्यांविषयींची एक मोठी पाहणी अमेरिकन सरकारच्या पर्यावरण-आरोग्य संस्थेच्या संशोधकांनीं २०२२ सालीं प्रसिद्ध केली. तींत ३३,४९७ स्त्रियांची सुमारें ११ वर्षें नोंद ठेवली होती. सत्तर वर्षांच्या वयापर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचा संभव अशीं द्रव्यें न वापरणाऱ्या स्त्रियांत १.६४ टक्के, तर वर्षांतून चारांहून अधिक वेळां वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के आढळला. द्रव्यामुळेंच रोग होतो असें यावरून सिद्ध होत नाहीं. तथापि लहान मुलीच्या डोक्यावर असा लेप घालण्यापूर्वीं आईबापांनीं थांबून विचार करावा, एवढें वजन या आंकड्यांना निश्चित आहे.

म्हणून कोणतीहि बाटली हातीं घेतली, कीं पहिला प्रश्न हा विचारावा : हें द्रव्य केसाची घडण मोडणार आहे, कीं आहे तीच घडण सांभाळणार आहे ? सांभाळणाऱ्या द्रव्यांचीं कामें तीन : ओलावा देणें, तो टिकवून धरणें आणि आंटे जागीं बसविणें.

ओलावा देणारें खरें द्रव्य पाणीच. म्हणून प्रसाधन ओल्या केसांवर लावावें. त्या वेळीं पाण्याचे बंध सुटलेले असतात आणि बोटांनीं वळविलेला आंटा वाळतांना तसाच बसतो. पातळ लोशनांत पाण्याच्या जोडीला बहुधा ग्लिसरीन असतें. तें भोंवतालचा दमटपणा ओढून घेतें. मुंबईच्या पावसाळ्यांत त्याचें प्रमाण अधिक झालें तर केस फुलून पिंजारतात. अति कोरड्या हवेंत त्याचा फारसा उपयोग होत नाहीं. म्हणजे एकच बाटली मुंबईंत व नागपुरांत सारखी वागेल असें नाहीं.

ओलावा टिकविण्यासाठीं तेल वा लोणी. येथें केसाची जाडी पाहावी. जाड व राठ केसांना शीआचें लोणी किंवा एरंडेल पेलतें. बारीक केस त्याच्या भारानें चिकट होऊन लोंबतात, त्यांना हलकें तेल बोटांना माखण्यापुरतें पुरे. खोबरेलाविषयीं मुंबईच्या मॅरिको कंपनींतील दोन संशोधकांनीं २००३ सालीं निबंध प्रसिद्ध केला. खनिज तेल व सूर्यफुलाचें तेल यांच्या तुलनेंत खोबरेल केसाच्या आंत शिरतें आणि धुतांना होणारी प्रथिनाची झीज कमी करतें, असें त्यांना आढळलें. ही कंपनी खोबरेल विकते हें खरें. पण म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाहीं. न्हाण्यापूर्वीं खोबरेल लावण्याची आजीची रीत अगदींच निराधार नव्हती.

आंटे बसविण्यासाठीं जेल. चांगलें जेल केसावर पातळ पापुद्रा धरतें. वाळल्यावर हातानें हलकेंच चुरगाळलें कीं कडकपणा जातो व आंटा राहतो. हें घरींहि होतें. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यांत मंद आंचेवर ढवळीत शिजवावे. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा तार धरणारा चिकटा सुटला, कीं गरम असतांनाच पातळ फडक्यांतून गाळावा. तो शीतपेटींत ठेवून आठवड्याच्या आंत संपवावा. वास बदलला तर फेंकून द्यावा.

विकत घेतांना पुढील बाजूचें चित्र पाहूं नये, मागील बाजूची यादी वाचावी. घटकांचीं नांवें सामान्यतः प्रमाणाच्या उतरत्या क्रमानें दिलेलीं असतात. डब्यावर मोठ्या अक्षरांत मिरविणारें तेल यादींत शेवटीं सांपडलें, तर काय समजावयाचें तें समजावें. ‘अल्कोहोल’ हा शब्द पाहून मात्र दचकूं नये. नुसतें अल्कोहोल यादींत आरंभींच असेल तर केस कोरडे पडतात. परंतु सिटाइल वा सिटेरिल अल्कोहोल हे मेणासारखे पदार्थ असून ते केस मऊ करतात. डायमेथिकोन नांवाचें सिलिकोन केसांस तकाकी देतें. पण त्याचे थर सांचतात आणि ते काढण्यास मधून मधून जरा कडक शांपू लागतो. नवें द्रव्य प्रथम कोपराच्या आंतील बाजूस लावून एक दिवस वाट पाहावी. एका वेळीं एकच द्रव्य बदलावें व दोन-तीन आठवडे तेंच चालवावें. चार बाटल्या एकदम आणल्या तर गुण कोणाचा आणि अपाय कोणाचा, हें कळण्यास मार्गच उरत नाहीं. आणि द्रव्य कितीहि उत्तम असलें, तरी कपाळाजवळचे केस ओढून वेण्या घट्ट घातल्या तर तेथें टक्कल पडूं शकतें.

नैसर्गिक केसांवरून शाळेंत वा नोकरींत भेदभाव करण्यास बंदी घालणारा कायदा कॅलिफोर्निया राज्यानें २०१९ सालीं केला. अमेरिकेंत असा कायदा करणारें तें पहिलें राज्य. जें न्यायासाठीं कायद्यानें करावें लागलें, तें घरांत प्रेमानें सहज होण्यासारखें आहे. न्हाण्याच्या दिवशीं अर्धा तास अधिक काढावा, केस ओले असतांना रुंद दातांच्या कंगव्यानें टोंकांपासून वर गुंता सोडवावा, आणि मुलीला तिच्या आंट्यांचें नांव ‘हट्टी’ असें न सांगतां ‘कुरळे’ एवढेंच सांगावें.