नवं मशीन बिघडलं तर जबाबदार कोण? डीलर की कंपनी?



मशीन येतं, पूजा होते, नारळ फुटतो आणि चौथ्या दिवशी बेअरिंग तापायला लागतं. डीलरला फोन केला की उत्तर ठरलेलं: "आम्ही फक्त विकतो, कंपनीशी बोला." कंपनी म्हणते, "डीलरला विचारा." बँकेचा हप्ता मात्र कुणासाठी थांबत नाही. म्हणून आज हा विषय नीट समजून घेऊ.

१) ज्याचं बिल, त्याची जबाबदारी

पैसे तुम्ही डीलरला दिले, बिल त्याने दिलं. म्हणजे विक्रीचा करार तुमच्या दोघांतला आहे. कंपनीची वॉरंटी असते ती वेगळी. ती आहे म्हणून डीलर सुटत नाही. मालविक्री कायदा, १९३० च्या कलम १६ प्रमाणे, अशा मालाचा धंदा करणाऱ्याने वर्णन सांगून विकलेला माल विकण्यायोग्य दर्जाचा असावा लागतो. फक्त एक लक्षात ठेवा: तुम्ही मशीन तपासून घेतलं असेल, तर तपासणीत सहज दिसला असता अशा दोषाबद्दल नंतर बोलता येत नाही. आतला, न दिसणारा दोष मात्र डीलरच्याच अंगावर.

२) काम सांगा, नुसतं मॉडेल नको

समजा, तुम्हाला मिरची दळायला पल्वरायझर घ्यायचाय. "अमुक कंपनीचं अमुक मॉडेल द्या" एवढंच म्हणालात आणि ते तुमच्या कामाला कमी पडलं, तर डीलर म्हणणार, "तुम्हीच मागितलं होतं." याच कलमात ही पळवाट आहे. त्याऐवजी लिहून द्या: "मला तासाला ३० किलो सुकी मिरची दळायची आहे, लाइन सिंगल फेज आहे, योग्य मशीन सुचवा." तुम्ही काम सांगितलं आणि त्याच्या जाणकारीवर विसंबलात, तर ते मशीन त्या कामाला योग्य असण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. व्हॉट्सॲपवर लिहिलंत तरी चालेल, पण लिहाच.

आणि हो, कोटेशनची मागची बाजू वाचा. या जबाबदाऱ्या करारात लिहून टाळता येतात. बारीक अक्षरात तसं काही असेल तर सही करण्याआधी खोडून घ्या.

३) गप्प बसलात की मशीन स्वीकारलं

इथे बरेच जण फसतात. "चालेल हळूहळू" म्हणत दोन-तीन महिने जातात. नाकारतोय असं न कळवता वाजवीपेक्षा जास्त काळ माल ठेवून घेतला, तर कलम ४२ प्रमाणे तो स्वीकारल्यासारखाच धरला जातो. मग साधारणपणे मशीन परत करण्याचा हक्क जातो, फक्त नुकसानभरपाई मागता येते. म्हणून दोष दिसला की त्याच दिवशी ईमेल करा. मशीन परत न्यायला सांगताय की दुरुस्तीला संधी देताय, ते स्पष्ट लिहा.

४) ग्राहक आयोगात जाता येईल का?

धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा सहसा लागू होत नाही. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेल्या मशीनला सूट आहे. महाराष्ट्रात लघुउद्योग म्हणून नोंदवलेल्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सने सीएनसी मशीन घेतलं. ते उशिरा आलं आणि सदोष निघालं, अशी त्यांची तक्रार होती. राज्य आयोगाने भरपाई दिली, पण राष्ट्रीय आयोगाने ती नाकारली. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टानेही म्हटलं की ही खरेदी व्यापारी कारणासाठी आहे, दिवाणी मार्गाने जा. त्याच निकालात कोर्टाने हेही सांगितलं की लेथ घेऊन स्वतः चालवणारा माणूस ग्राहक आहे आणि मदतीला एक-दोघं ठेवले तरी तो ग्राहकच राहतो.

तुम्ही यात बसत असाल, तर दोन वर्षांच्या आत तक्रार करा. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा आयोग आहे आणि ५ लाखांपर्यंत फी लागत नाही. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

५) खरेदीच्या वेळी एवढं कराच

• कोटेशनमध्ये तासाचं उत्पादन, मोटरचा एचपी आणि वॉरंटी कोण देणार हे लिहून घ्या.
• थोडी रक्कम तुमच्या जागेवर, तुमच्याच मालावर ट्रायल झाल्यावर देण्याचं ठरवा.
• ट्रायल समाधानकारक नसेल तर इन्स्टॉलेशन रिपोर्टवर "ओके" लिहू नका. जे दिसलं ते लिहून मगच सही करा.
• सर्व्हिस इंजिनिअर आला की प्रत्येक वेळी जॉब कार्डची कॉपी घ्या.
• बिघाडाचा व्हिडिओ काढा, आवाजासकट. तुम्ही स्वतः मशीन उघडू नका, नाहीतर दोष तुमच्यावर येईल.

डीलरशी भांडण करायचं म्हणून हे सगळं नाही. कागद पक्के असले की चांगला डीलर स्वतःच लवकर माणूस पाठवतो. भाव करताना आपण हजार-दोन हजारांसाठी तासभर घासाघीस करतो. त्यातली दहा मिनिटं या कागदांना द्या.

तुम्ही कोणतं मशीन घेताय ते कमेंटमध्ये लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत!