लिनक्सवर सॉलिडवर्क्स चालवायचंय? व्हर्च्युअल मशीन निवडण्याआधी हे तपासा

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. इंटेलचे आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. मोठ्या भावाकडून आलेला किंवा सेकंडहँड घेतलेला लॅपटॉप असेल, तर त्यावर उबंटू किंवा मिंट टाकणं हा बिनखर्चाचा मार्ग दिसतो. पण शेगाव, चिखली, मलकापूर किंवा बुलढाण्यात मेकॅनिकल-सिव्हिल शिकणाऱ्यांची खरी अडचण तिथूनच सुरू होते. सॉलिडवर्क्स, रेव्हिट, ऑटोकॅड यांपैकी एकाचीही लिनक्स आवृत्ती नाही.

मग उपाय सुचवला जातो तो व्हर्च्युअल मशीनचा. म्हणजे लिनक्समध्येच एका खिडकीत विंडोज चालवायची.

अडतं कुठे?

प्रोसेसरचा वेग या खिडकीत फारसा कमी होत नाही, कारण त्यासाठीची सोय चिपमध्येच असते. ग्राफिक्स कार्डाचं तसं नाही. आतल्या विंडोजला खरं कार्ड दिसतच नाही, दिसतं ते एक काल्पनिक कार्ड. रेषा किंवा पृष्ठभाग काढण्याची प्रत्येक आज्ञा भाषांतरित होऊन बाहेरच्या ड्रायव्हरकडे जाते. ‘रॅम वाढव’ हा सल्ला कोणीही देतो, पण हा दुभाषा कच्चा असेल तर रॅम वाढवूनही मॉडेल फिरवताना अडकणारच.

म्हणून सॉफ्टवेअर निवडताना पहिला प्रश्न एकच: ते डायरेक्टएक्स आणि ओपनजीएलच्या कोणत्या आवृत्तीपर्यंत साथ देतं?

ओरॅकलचं व्हर्च्युअलबॉक्स सर्वांच्या तोंडी असतं. पण त्याच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्स मेमरीची पट्टी साधारणपणे १२८ एमबीवर थांबते. ऑटोकॅडच्या अलीकडच्या आवृत्त्या किमान २ जीबीचं कार्ड मागतात. कोडिंगच्या प्रॅक्टिकलसाठी व्हर्च्युअलबॉक्स उत्तम, थ्रीडी असेंब्लीसाठी त्याच्या नादी लागू नये.

आमचा कल व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रोकडे आहे. ते डायरेक्टएक्स ११ आणि ओपनजीएल ४.३ पर्यंत चालतं, आतल्या विंडोजला ८ जीबीपर्यंत ग्राफिक्स मेमरी देता येते. पूर्वी विकत घ्यावं लागणारं हे सॉफ्टवेअर नोव्हेंबर २०२४ पासून सर्वांसाठी मोफत आहे. विंडोजचा परवाना मात्र वेगळा लागतो. डायरेक्टएक्स १२ मागणारे प्रोग्रॅम किंवा एनव्हिडियाच्या कुडावर होणारं रेंडरिंग इथेही चालणार नाही.

केव्हीएम वापरून अख्खं कार्डच विंडोजच्या हवाली करता येतं, तेव्हा कुडाही चालतं. त्यासाठी व्हीटी-डी असलेला प्रोसेसर आणि शक्यतो दोन ग्राफिक्स कार्डं हवीत. डेस्कटॉप असेल तर जमेल, लॅपटॉपवर त्यात आठवडा घालवू नका.

एम सिरीजचा मॅक असेल तर सशुल्क पॅरलल्स किंवा मोफत व्हीएमवेअर फ्युजन. पण तिथे आर्मवरची विंडोज चालते आणि तिच्यावर सॉलिडवर्क्सला अधिकृत सपोर्ट नाही.

खात्री कशी करायची?

व्हीएमवेअरच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये थ्रीडी ग्राफिक्सचा चौकोन टिक करा. आतल्या विंडोजमध्ये ‘रन’ उघडून डीएक्सडायग टाइप केलं की फीचर लेव्हल दिसते. ऑटोकॅडमध्ये ग्राफिक्सकॉन्फिग ही कमांड हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन चालू आहे का ते सांगते. लॅपटॉपमध्ये इंटेल आणि एनव्हिडिया दोन्ही असतील, तर मशीन गुपचूप इंटेलवर चालत नाही ना, हेही बघा. मग साधा घन काढून समाधान मानू नका, प्रोजेक्टमधली सर्वांत जड फाइल उघडून फिरवून पाहा. सबमिशनच्या आदल्या रात्री नव्हे, सेमिस्टरच्या सुरुवातीला.

आठ जीबी रॅमचा लॅपटॉप असेल तर हा खटाटोपच नको. रॅमचा काही भाग लिनक्स धरून बसणार. त्यापेक्षा ड्युअल बूट करा: डिस्कचा एक भाग विंडोज १० ला द्या, तो फक्त कॅडपुरता उघडा आणि ब्राउझिंग, बँकिंग लिनक्सवर ठेवा. तिथे कार्ड पूर्ण ताकदीनं मिळतं. आणि ब्लेंडर किंवा लोणारच्या सर्व्हेसाठी क्यूजीआयएस एवढंच लागत असेल, तर विंडोजची गरजच नाही. दोन्ही थेट लिनक्सवर चालतात.